पाण्यात सोडायची झेरॉक्स

आमच्या हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या खिडकीवर आता नवीन मॅडम बसतात. हुशार आहेत. कॉम्प्युटरवर हात सरसर चालतो, कंपनीच्या पोर्टलवर कागद चढवायला त्यांना दहा मिनिटं पुरतात. परवा डिस्चार्जच्या गर्दीत मोहोळकडचे एक म्हातारबाबा त्यांच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, ती पान्यात सोडायची झेरॉक्स हितंच मिळती न्हवं?"

मॅडमनी आधी बाबांकडं पाहिलं, मग मागं वळून माझ्याकडं. माझी रेकॉर्ड रूम त्या खिडकीच्या पाठीमागंच आहे. मी बाबांच्या हातातली फाईल घेतली, झेरॉक्स काढून आणली, अस्सल फाईल त्यांच्या मुलाच्या हातात दिली आणि झेरॉक्स बाबांच्या. बाबा समाधानानं गेले. मॅडमनी विचारलं, "काळेसर, हे काय होतं?" म्हटलं, "ही जमादारबाईंची पद्धत." ओपीडीच्या वेळेत याहून जास्त सांगायला सवड नव्हती. बाई जाऊन आता आठ महिने झाले. हे कुणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो आहे.

शमशाद जमादार हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगारपत्रकावर. हॉस्पिटलात आणि बाहेरच्या रिक्षा स्टँडपर्यंत सगळ्यांच्या त्या जमादारबाई. अठरा वर्षं त्या खिडकीत बसल्या आणि अठरा वर्षं मी त्यांच्या पाठीमागं. मध्ये एक लाकडी पार्टिशन, त्याला वरून वीतभर फट. त्या फटीतून बाईंचं सगळं बोलणं माझ्याकडं यायचं आणि दुपारी एक वाजता त्यांच्या कडक भाकरीचा आवाजही यायचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. अठरा वर्षांत डबा बदलला नाही. एकदा मी फटीतून म्हणालो, "बाई, दात आहेत तोवर ठीक आहे." पलीकडून उत्तर आलं, "दातांचा क्लेम मिळत न्हाय काळेभाऊ, म्हनून तर जपते."

अंगानं ठेंगण्या, डोक्यावर पदर, गळ्यात चष्मा आणि चष्म्याला सोलापुरी चादरीच्या दशांचा वळलेला लाल-हिरवा दोरा. टेबलावरचा स्टेपलर त्यांनी सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधला होता. कुणी हसलं की म्हणत, "मानसं चष्मा विसरतील, डबा विसरतील, पन दुसऱ्याचा स्टेपलर न्यायला विसरत न्हाईत." उर्दू घरची, मराठी शाळेतली, आणि शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या बायका खिडकीवर आल्या की त्यांच्याशी तोडकंमोडकं तेलुगूही बोलायच्या. आजार विचारण्यापुरतं आणि धीर देण्यापुरतं.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं माझं त्यांच्याशी अजिबात पटलं नाही. मी करमाळ्याकडचा, शिस्तीचा माणूस. माझ्या खोलीतून फाईल बाहेर जायची तर चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीवर वेळ पाहिजे, आणि परत येताना पानं मोजून पाहिजेत. बाई दिवसातून दहा फायली मागायच्या. चिठ्ठी द्यायच्या, पण वेळ लिहायला विसरायच्या, आणि फाईल परत आली की समासात त्यांच्या पेन्सिलच्या खुणा. मी खोडरबर घेऊन बसायचो आणि त्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायचो. एकदा त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमी कागद झोपवून ठेवता काळेभाऊ. मी त्यास्नी कामाला लावते, यवढाच फरक हाय." मला तेव्हा भयंकर राग आला होता.

त्या कागदांना कामाला कसं लावत, हे हळूहळू कळत गेलं. पेशंट दाखल झाला की अर्ध्या तासात बाईंच्या चपला वॉर्डात वाजायच्या. त्या वेळी डॉक्टर माहिती लिहून घेत असत, आणि आपल्या लोकांची एक खोड आहे. कमी सांगितलं तर डॉक्टर लक्ष देणार नाहीत असं आपल्याला वाटतं. मग ताप दोन दिवसांचा असला तरी आठ दिवसांचा होतो. शुगर कधीपासून, विचारलं की "लई वर्षं झाली की" म्हणतो. डॉक्टर घाईत दहा वर्षं लिहितात. घरी सगळं विसरलं जातं, पण केसपेपर विसरत नाही. पुढं कंपनी म्हणते, पॉलिसी चार वर्षांपूर्वीची, दुखणं दहा वर्षांचं, म्हणजे तुम्ही लपवलंत. आणि सगळा क्लेम नामंजूर.

म्हणून बाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून नातेवाइकांना सांगायच्या, "अंदाजे सांगू नका. म्हाईत असंल तर सांगा. नसंल तर 'म्हाईत न्हाय' म्हना, त्यात लाज न्हाय. जेवढं झालं तेवढंच सांगायचं. कमी न्हाय, जास्ती बी न्हाय." हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पार्टिशनच्या अलीकडं माझेही ओठ हलायचे.

ते वाक्य दोन्ही बाजूंनी चालायचं. शहरातल्या एका बड्या कंत्राटदाराचं ब्लडप्रेशर खरोखरच बारा वर्षांचं होतं. त्यांना कागदावर ते दोन वर्षांचं करून हवं होतं. आधी ते गोड बोलले, मग ट्रस्टींचा फोन आणला. बाई म्हणाल्या, "साहेब, दुखनं कमी करायचं काम डॉक्टरांचं हाय, माजं न्हाय." ट्रस्टींनाही त्यांनी फोनवर हेच सांगितलं, फक्त मागं 'सर' लावलं. मी पार्टिशनमागं दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलो होतो.

अकलूजच्या एका बागायतदार कुटुंबाची गंमत तर आम्ही पुढं कित्येक वर्षं सांगत होतो. त्यांच्या तात्यांचं ऑपरेशन होतं. थोरले चिरंजीव डीलक्स खोली मागत होते. बाईंनी पॉलिसी पाहिली आणि म्हणाल्या, सेमी-प्रायव्हेट घ्या. चिरंजीव तापले. "आमच्या तात्यास्नी दुसऱ्याच्या शेजारी झोपवायचं व्हय? पैशाचं काय, पैसे हायती की!"

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं लग्नाला कार्यालय घेता न्हवं? मोठं कार्यालय घेतलं की आचारी बी वाढवून मागतो, मांडववाला बी, वाजपवाला बी. हितं तसंच हाय. खोली मोठी घेतली की डॉक्टर म्हाग, नर्स म्हाग, ऑपरेशनची खोली म्हाग. आन कंपनी काय म्हनती? मी फक्त ल्हान कार्यालयाचं देनार. मग ती नुसतं खोलीचं भाडं कापत न्हाय, सगळ्यातलं त्याच हिशेबानं कापती. तुमी समजता दिवसाला दोन हजार जास्ती, आन जातेत लाखभर."

तेवढ्यात व्हीलचेअरवरचे तात्या म्हणाले, "मला शेजारी कुनीतरी पायजेच बोलायला. डीलक्समदी काय भिताडाशी बोलू?" तात्या सेमी-प्रायव्हेटमध्ये गेले आणि शेजारच्या पेशंटशी इतके बोलले की नर्सला दोघांच्या मध्ये पडदा ओढावा लागला.

आता माझ्या घरचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होणार नाहीत.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मणक्याचं ऑपरेशन पुण्याला झालं. ते हॉस्पिटल आमच्या विमा कंपनीच्या कॅशलेसच्या यादीत नव्हतं. म्हणजे आधी आपण सगळं भरायचं, नंतर कागद लावून मागायचं. मुलीच्या बी. फार्मसीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडली आणि बिल भरलं. डिस्चार्जपासून तीस दिवसांत क्लेम लावायचा होता. पैसे फीच्या तारखेआधी आले तर मुलीचं दुसरं वर्ष सुरू, नाहीतर घरी. मी निर्धास्त होतो. रेकॉर्डचा माणूस मी! अस्सल बिलं, पावत्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेवार लावून, अनुक्रमणिका घालून, जाड निळ्या फाईलमध्ये कपाटावर ठेवलं होतं. अशी फाईल मी हॉस्पिटलातही कधी लावली नसेल.

आई आमच्याजवळच असते. करमाळ्याजवळच्या खेड्यातली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्या माहेरी एक रीत होती. माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की त्याचं आजारातलं लुगडं-कापड, उरलेली औषधं, असं सगळं मीठ-मिरच्या घालून गाठोड्यात बांधायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. दुखण्याची वस्तू घरात राहिली की ते माग काढत परत येतं. डिस्चार्जनंतर बाराव्या दिवशी सुनंदा पहिल्यांदा कुणाचा हात न धरता फाटकापर्यंत जाऊन आली. आईला आनंद आवरेना. मी ड्युटीवर. तिनं शेजारच्या वहिनींना बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि सीनेच्या पुलावर जाऊन गाठोडं सोडून आली. घरात दुखण्याची सगळ्यांत जाड वस्तू म्हणजे ती निळी फाईल. ती तिनं सगळ्यांत आधी बांधली होती.

संध्याकाळी कपाटावर नजर गेली. विचारलं, "आई, इथली फाईल?"

"सोडली की पान्यात," आई हसत म्हणाली. "आता सुनंदाची काय काळजी न्हाय बग."

त्यानंतर मी जे बोललो ते सगळं इथं लिहिणार नाही. एवढं म्हणालो ते आठवतं, "दुखणं नाही गेलं आई, पोरीची फी गेली." त्या दिवसापासून आई आमच्याबरोबर पानावर बसेना. चहा घ्यायची, कुणाचं लक्ष नसताना भाताचे दोन घास खायची, आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पार्टिशनच्या फटीतून बाईंना सांगितलं. समोर जाऊन सांगायची लाज वाटत होती. भाकरीचा आवाज थांबला. बाई उठून माझ्या दारात आल्या.

"तुमची फाईल?" त्या म्हणाल्या. "तुमची?"

त्यांना हसू येत होतं, ते त्यांनी पदरानं पुसलं. वाटलं, आता बारा वर्षांच्या चिठ्ठ्यांचं उट्टं काढणार. पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "अम्मा जेवल्या का?"

मग पाकिटाच्या पाठीमागं त्यांनी मला काय काय करायचं ते लिहून दिलं. पुण्याला जायचं, प्रत्येक कागदाची दुसरी प्रत हॉस्पिटलच्या सही-शिक्क्यानिशी आणायची, आणि अस्सल कागद का नाहीत याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मी दोनदा पुण्याला गेलो. तिथल्या रेकॉर्डवाल्यानं मला इतकं ताटकळत ठेवलं की माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पेशंटच्या नातेवाइकांची मला आठवण झाली. कागद मिळाले. राहिलं प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेरचा टाइपिस्ट म्हणाला, "साहेब, सगळे 'बसमध्ये हरवली' असंच टाकतात. मजकूर तयार आहे." मी टाइप करून घेतलं आणि बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढला. त्या चिडल्या की मराठी सोडायच्या. "ये क्या लिखको लाए जी?"

"बाई, खरं लिहिलं तर कंपनी हसेल."

"हसू दे की. हसल्यानं क्लेम रिजेक्ट होत न्हाय, खोट्यानं होतो. आन बसमध्ये हरवली म्हनलं की पोलिसाचा दाखला मागतेत. तिथं बी खोटं सांगनार?"

"फी माझ्या पोरीची आहे आणि तत्त्व तुमचं," मी म्हणालो. आवाज चढला होता. खिडकीवरचे लोक बघायला लागले.

बाईंनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मग तुमचं तुमी लावा," एवढंच म्हणाल्या. तीस दिवसांतले नऊ दिवस उरले होते.

रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. बाई उतरल्या. माझ्याशी न बोलता, "अम्मा कुटं हायत?" असं सुनंदाला विचारून थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि आईच्या शेजारी फरशीवर बसल्या. आईनं तोंड फिरवलं. मी दारात उभा.

"माज्यापायी लेकाचं वाटुळं झालं," आई भिंतीला सांगत होती.

बाई म्हणाल्या, "अम्मा, माजं ऐका. माजा मालक ट्रक चालवायचा. छातीत दुखाय लागलं म्हनून दवाखान्यात नेला. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून दुखतंय. दुखत होतं चार दिस. मी म्हनलं, लई वर्षांपासून. का म्हनलं? मला वाटलं, जास्ती सांगितलं तर डॉक्टर पळत येतील. त्यांनी तसंच लिहिलं. मालक बी गेला आन क्लेम बी गेला. कंपनी म्हनली, जुनं दुखनं लपवलं. माज्या एका शब्दानं. मी त्याला वाचवायलाच बोलले होते की. तुमी बी सुनंला वाचवायलाच सोडलं. ह्यात लपवायचं काय हाय?"

बारा वर्षं मी त्यांच्या पाठीमागं बसत होतो आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. 'जेवढं झालं तेवढंच' या वाक्याला मी रोज मनात हसायचो, त्याची मला तिथं दारात उभ्या उभ्या लाज वाटली.

आईनं तोंड वळवलं. बाईंनी पिशवीतून कागद काढला. "काय काय सोडलं, सांगा." आई सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. मग मोठ्यानं वाचून दाखवलं: माझी सून मोठ्या आजारातून उठली. तो आजार परत घरात येऊ नये म्हणून मी आमच्या रीतीप्रमाणे तिचं लुगडं, उरलेली औषधं आणि दवाखान्याची फाईल सीना नदीत सोडली. फाईल पैशासाठी लागते हे मला माहीत नव्हतं.

"मीठ ऱ्हायलं की," आई म्हणाली. "मीठ-मिरच्या बी लिवा. जेवढं झालं तेवढं लिवा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मीठ-मिरच्या लिहिल्या. मग आपला डबा उघडला, कडक भाकरी चुरून दुधात भिजवली आणि आईसमोर ठेवली. आई जेवली. मी बाहेरच्या खोलीत जाऊन ते बसचं प्रतिज्ञापत्र फाडलं.

सोमवारी मीच आईला कोर्टात नेलं. त्याच टाइपिस्टनं बाईंचा मजकूर स्टँपपेपरवर उतरवला. मीठ-मिरच्यांपाशी तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं. "आहे तसं घ्या," मी म्हणालो. आईनं नोटरीसमोर अंगठा दिला आणि मुदतीत क्लेम गेला.

तीन आठवड्यांनी कंपनीचा चौकशीचा माणूस घरी येऊन गेला. न सांगता. मी ड्युटीवर होतो, सुनंदा व्यायामाला गेलेली, घरात एकटी आई. तिनं त्याला बसवलं, चहा दिला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गाठ कशी मारायची तेही त्याच्याच रुमालावर दाखवलं. त्याचा मला फोन आला तेव्हा तो हसत होता. म्हणाला, "काळेसाहेब, माझ्या घरात जुने एक्स-रे आहेत म्हटल्यावर आजी रागावल्या मला." मीही हसलो, मग लक्षात आलं: बसचं प्रतिज्ञापत्र गेलं असतं तरी आईनं त्याला हेच सांगितलं असतं. खोटं बोलायला तिला येतच नाही.

हातमोजे, कापूस आणि असलंच काही वगळून सगळे पैसे आले. फीच्या शेवटच्या तारखेआधी चार दिवस. मी पेढे घेऊन खिडकीसमोर, रांगेत लोक उभे असताना, बाईंना म्हणालो, "चुकलो." त्यांनी एक पेढा उचलला आणि विचारलं, "हातमोज्याचे किती कापले?" आज माझी मुलगी एका औषध कंपनीत नोकरीला आहे. हे बाईंमुळं आहे, आणि हे मी कुणालाही सांगतो.

झेरॉक्सची पद्धत त्यानंतर सुरू झाली. डिस्चार्जच्या वेळी बाई विचारायच्या, "घरात वडीलधारं कोन हाय?" त्यांना पुढं बोलवायचं. अस्सल फाईल मुलाच्या किंवा सुनेच्या हातात, आणि झेरॉक्स म्हाताऱ्यांच्या. "ही तुमची. पान्यात सोडा, जाळा, कायबी करा. अस्सल कपाटात राहू द्या. आन गोळ्या सोडू नका पान्यात, माशांस्नी कशाला आपलं औषध?" एखादी आजी संशयानं विचारायची, "झेरॉक्सनं जातं व्हय दुखनं?" बाई म्हणायच्या, "अक्षर तेच हाय की." अकाउंट्सनं जादा कागदाबद्दल विचारलं तेव्हापासून त्या कागदाचं रीम स्वतःच्या पैशानं आणायच्या. मी बोलून दाखवलं नाही, पण एका महिन्याआड एक रीम माझं असायचं.

गेल्या थंडीत एक दिवस दुपारी एक वाजता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भाकरीचा आवाज नव्हता. फटीतून पाहिलं तर बाईंच्या डब्यात मऊ भात होता, तोही तसाच. पंधरा दिवसांत तपासण्या झाल्या. पोटाचा कॅन्सर, पुढं गेलेला. त्या आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाल्या. नवीन डॉक्टरीणबाई माहिती लिहायला आल्या, तेव्हा मी तिथंच होतो. "कधीपासून दुखतंय?" बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या आठवड्यापासून म्हाईत हाय. त्याच्या आधीचं म्हाईत न्हाय." स्वतःचे क्लेमचे फॉर्म त्यांनी कॉटवर बसून स्वतः भरले. माझ्याकडून एक कागद मागवला, तर चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीवर वेळसुद्धा लिहिली होती.

शेवटच्या डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. डिस्चार्ज कार्ड त्यांनी आधीच वाचलं होतं. मुलगी त्यांना विजापूरला आपल्या घरी नेणार होती. माझी आई आता ऐंशीची. ती हट्टानं माझ्याबरोबर आली, कमरेला एक धुतलेलं फडकं खोचून.

बाई गाडीत बसल्या होत्या, मांडीवर फाईल. आई खिडकीशी गेली. "बाई, तुमचं दुखनं द्या माज्याकडं. मी सोडून येती."

मी म्हणालो, "थांब आई, झेरॉक्स काढून आणतो," आणि वळलो.

"नक्को काळेभाऊ." बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण हुकूम तोच होता. "क्लेम कॅशलेस झालाय, कंपनीला जायचे ते कागद गेलेत. ही आता कुटं लावायची न्हाय." त्यांनी दोन्ही हातांनी फाईल उचलून आईच्या पदरात ठेवली. "अम्मा, ह्या टायमाला अस्सलच सोडा."

आईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गाडी हलली. सात रस्ता चौकाकडं वळायच्या आधी काच खाली झाली आणि बाईंनी डोकं बाहेर काढलं. "काळेभाऊ, गोळ्या काडून घ्या त्यातनं!" त्या हसत होत्या. गळ्यातला चष्मा दोऱ्यावर हलत होता. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

त्याच दुपारी आईला घेऊन सीनेच्या पुलावर गेलो. फाईलमधून गोळ्यांची पाकिटं काढून खिशात टाकली आणि फाईल आईच्या फडक्यावर ठेवली. मीठ मी घातलं, मिरच्या आईनं. आईच्या बोटांना आता गाठ आवळत नाही. चिठ्ठीशिवाय एक पान बाहेर न सोडणारा माणूस मी, बाईंच्या अस्सल फाईलीला गाठ मीच मारली. नीट, दोनदा ओढून पाहिली. आणि ती पाण्यात सोडताना आईइतक्याच मनापासून म्हणालो, जा, परत येऊ नको.